आटपाडीकडच्या मेलिफेरा पेट्या: स्पिरिट वॉशमध्ये माइट नाही, दारात मात्र तुटक्या पंखांच्या माश्या

माणदेशी_पेटी (६ डिसेंबर, रात्री ९.१५)

राम राम मंडळी. प्रश्न तातडीचा आहे, म्हणून जेवढं ठाऊक आहे तेवढं सगळं मांडतो.

आटपाडीजवळ एका डाळिंबाच्या बागेत माझ्या मेलिफेराच्या (पेटीत पाळायच्या परदेशी मधमाशीच्या) पेट्या होत्या. हस्त बहाराची फुलं संपली, फळांचं सेटिंग चांगलं झालं, बागमालक खूश. तिथून पेट्या उचलून रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात आणल्या. ज्वारी फुलोऱ्यात आहे, परागाला तोटा नाही, राण्यांनी फ्रेमच्या फ्रेम अंड्यांनी भरून काढल्यात. वरून बघणाऱ्याला वाटेल, पेट्या जोमात आहेत.

पण सकाळी ऊन चढायच्या आत पेटीपुढं बसलं की वेगळंच दिसतं. करड्या रंगाच्या, नुकत्या बाहेर आलेल्या कोवळ्या माश्या तळपाटावरून खाली पडतात आणि जमिनीवर सरपटत राहतात. पंख आखूड, चुरगळलेले. काहींचं पोट खुरटलेलं. उडायचा प्रयत्न करतात, गोल फिरतात, उलट्या होतात. दहा-साडेदहापर्यंत मुंग्या त्यांना ओढून नेतात. दुपारी पेट्या बघायला येणाऱ्याला जागा स्वच्छ दिसते.

वरोआ (माशीवर जगणारा माइट, गोचिडासारखा बारीक जीव) असणार म्हणून स्पिरिट वॉश केला, म्हणजे माश्या स्पिरिटमध्ये हलवून खाली पडलेले माइट मोजले. उघड्या अळ्यांच्या फ्रेमवरच्या माश्या, अर्धा कप, म्हणजे अंदाजे ३००. राणी आधी बाजूला केली. एका पेटीत एक वरोआ, दुसरीत शून्य, तिसरीत एक. टक्का काढला तर अर्ध्याच्याही खाली. एवढ्या कमी माइटवर एवढ्या माश्या सरपटत कशा? टेस्ट चुकतेय की रोग दुसराच आहे?

मिरज_कॉर्नर (६ डिसेंबर, रात्री १०.०२)

बागेत शेवटची फवारणी कधी झाली होती? डाळिंबाला तेल्या रोगासाठी आणि फुलकिड्यासाठी फवारे चालूच असतात. मला तर विषबाधा वाटते.

माणदेशी_पेटी (६ डिसेंबर, रात्री १०.३०)

पेट्या बागेत असेपर्यंत मालकानं दिवसा फवारलं नाही, शब्द पाळला. आणि आता पेट्या तिथून लांब आहेत. विषबाधेत पेटीपुढं एकदम ढीग पडतो, जीभ बाहेर आलेल्या मोठ्या, कामाच्या माश्यांचा. इथं मरतात त्या फक्त कोवळ्या, त्याही रोज थोड्या थोड्या.

कृष्णाकाठचा_गडी (७ डिसेंबर, सकाळी ७.४०)

आवो कशाला एवढा विचार करताय? आमच्याकडं पेटी आली की माइटच्या औषधाच्या पट्ट्या टाकायच्या, संपलं. लई जण वर्षभर पट्टी काढतच न्हाईत. तुम्ही पण दोन दोन टाका, आठ दिसात फरक पडंल.

कोयनाकाठ (७ डिसेंबर, दुपारी १.२०)

माणदेशी दादा, टेस्ट बरोबर केलीत. फक्त ज्याला शोधताय तो त्या टेस्टमध्ये सापडणारा नाही, असा माझा अंदाज आहे. सविस्तर लिहिते, कारण ही गोष्ट आपल्या दोन जिल्ह्यांत बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते.

आपल्याकडं मेलिफेराच्या पेटीत दोन तऱ्हेचे माइट असतात. वरोआ सगळ्यांना माहीत आहे. तांबूस तपकिरी, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, साधारण दीड मिलीमीटर रुंद, खेकड्यासारखा चपटा. दुसरा ट्रोपिलेलॅप्स. तो एक मिलीमीटरच्या आसपास, अंगानं लांबट, फिकट तांबडा, आणि फ्रेमवर पळतो. वरोआ संथ, हा चपळ. नुसत्या डोळ्यांना दिसतो, पण बघायचं माहीत असेल तरच.

हा मुळात आग्या माशीवरचा. आग्याबरोबर तो इथं पूर्वीपासूनच आहे. मेलिफेरा आपल्या देशात नीट रुजली ती १९६२ पासून, हिमाचलमधल्या नगरोट्याला. परदेशातून आलेल्या या माशीला ना वरोआची सवय होती, ना ट्रोपिलेलॅप्सची. आता तुमच्याकडंच बघा. ज्वारी, सूर्यफूल, करडई फुलायला लागली की आग्या मोहोळं मैदानात उतरतात, पाण्याच्या टाक्यांना, वडांना, पुलांखाली लटकतात. फुलं तीच, पाणी तेच, आणि एखादी पेटी कमजोर पडली की लूटमारही होते. संसर्ग व्हायला एवढं पुरतं.

आता टेस्टबद्दल. वरोआ माशीच्या अंगावर काही दिवस बसून राहतो, तिच्या पोटाखालच्या पट्ट्यांमध्ये शिरून खातो. म्हणून माश्या स्पिरिटमध्ये हलवल्या की तो खाली पडतो आणि मोजता येतो. ट्रोपिलेलॅप्सच्या तोंडाला मोठ्या माशीचं कातडं फोडता येत नाही. त्याला अळीच लागते. एका घरातून बाहेर पडला की एक-दोन दिवसांत दुसऱ्या घरात शिरतो. म्हणजे कुठल्याही क्षणी जवळपास सगळे माइट झाकलेल्या ब्रूडमध्ये (अळ्या-कोषांच्या घरांत) असतात. तुम्ही माश्या धुतल्या, पण तो माश्यांवर नव्हताच.

वरोआलाही हा नियम थोडाफार लागू आहे. ब्रूड भरपूर असताना वरोआचाही मोठा हिस्सा झाकणांखाली असतो, म्हणून वॉशमध्ये शंभर माश्यांमागे दोन-तीन निघाले तरी उपचाराची वेळ आली असं धरतात. ट्रोपिलेलॅप्सला मात्र असा वॉशचा आकडा लावताच येत नाही.

काय करायचं ते सांगते. एक, फ्रेम ठोकून बघायची. झाकलेल्या ब्रूडची फ्रेम घ्या, माश्या पेटीत झटका. पांढरं ताट किंवा ट्रे खाली धरून फ्रेमची कड त्यावर चार वेळा आपटा. तांबडं काही पळताना दिसलं तर तोच. दोन, घरं उघडून बघायची. चिमट्यानं शंभर झाकलेली घरं उघडा, गुलाबी-जांभळ्या डोळ्यांच्या कोषांपासून सुरुवात करा. कोष अलगद ओढून काढा आणि घराच्या तळाशीही उजेड पाडून बघा. दुसऱ्या पद्धतीला वेळ लागतो, पण तिच्यात चुकायला जागा कमी.

पट्ट्यांचा निर्णय त्यानंतर.

वाळवा_मधुबन (७ डिसेंबर, दुपारी ३.०५)

ताईंनी अगदी नेमकं लिहिलंय. माझी पुस्ती एवढीच: झाकणांना बारीक भोकं, ब्रूड ठिकठिकाणी तुटक, आणि कामकऱ्यांनी अर्धवट कुरतडून बाहेर टाकलेले पांढरे कोष दिसतात का ते बघा. दिसत असतील तर मला शंका उरणार नाही.

माणदेशी_पेटी (८ डिसेंबर, संध्याकाळी ६.५०)

ताई, काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

आधी फ्रेम ठोकली. जेवायच्या स्टीलच्या ताटात काही दिसेना, चकाकीत नजर ठरत नव्हती. मग पोरीच्या ड्रॉइंगचा पांढरा कागद ताटात घातला. चौथ्या ठोक्याला तांबडे ठिपके पडले आणि पडल्या पडल्या कागदाच्या कडेकडं पळाले. वरोआ असा पळताना मी कधी बघितला नव्हता.

मग घरं उघडली. सगळ्यात वाईट पेटीत शंभरात चौदा घरांत माइट. एकेका घरात एकापेक्षा जास्त, लहान पांढुरके आणि मोठे तांबडे एकत्र. एक कोष उचलला तर त्याच्या पोटाखालून तीन पळाले आणि घराच्या कडेवरून शेजारच्या उघड्या घरात गेले. त्या कोषाचे पंख फुटायच्या जागी सुकलेल्या चिंध्या. दुसऱ्या पेटीत शंभरात सहा, तिसरीत दोन. कुरतडून टाकलेले कोष तळपाटावर आहेत. आतापर्यंत मी ते मेणपतंगाचं काम समजत होतो.

वरोआ मोजून चार सापडले, तेही नर माश्यांच्या घरात.

आता औषध सांगा. पट्टी की फॉर्मिक ॲसिड की गंधक?

कृष्णाकाठचा_गडी (८ डिसेंबर, रात्री ८.१०)

मला ह्या दुसऱ्या माइटचं ठाव नव्हतं. पण पट्टीनं का जात न्हाई? औषध तर औषध हाय की.

कोयनाकाठ (८ डिसेंबर, रात्री ९.००)

पट्टी कशी काम करते ते बघा. माश्या तिला घासून जातात, औषध एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर पसरतं आणि माशीवर बसलेल्या माइटला लागतं. वरोआ माशीवर दिवस काढतो, म्हणून त्याच्यावर पट्टी चालते. ट्रोपिलेलॅप्स माशीवर फार थोडा वेळ असतो आणि झाकणाखाली औषध जात नाही.

वर्षभर पट्टी ठेवण्याबद्दल कळकळीनं सांगते, ते थांबवा. प्रत्येक पट्टीला मुदत असते, बहुतेकांना सहा ते आठ आठवडे. मुदत संपली की तिच्यातून औषध थोडं थोडं निघत राहतं, माइट मरण्याइतकं नाही, सवय होण्याइतकं. फ्लुव्हॅलिनेट औषधाच्या पट्ट्यांचं इटलीत १९९० च्या दशकात हेच झालं. वरोआला त्यांचं काही वाटेनासं झालं आणि पेट्याच्या पेट्या गेल्या. शिवाय ही औषधं मेणात मुरतात. तेच मेण वितळवून आपण पोळ्यांसाठी नवे मेणपत्रे करतो आणि पुन्हा त्याच माश्यांना देतो. मधात काय जातं याकडंही बघा. २०१० मध्ये युरोपनं आपला मध अडवला तेव्हा प्रतिजैविकांचे अंश हे एक मोठं कारण होतं, आणि भुर्दंड नीट काम करणाऱ्यालाही बसला.

वाळवा_मधुबन (८ डिसेंबर, रात्री १०.२५)

आता उपचाराचं बोलतो. मेलिफेरा पाळताना सगळ्या ऋतूंत फॉर्मिक वापरून बघितलंय, कधी ते चालतं आणि कधी घात करतं हे डोळ्यांनी पाहिलंय.

फॉर्मिकची जमेची बाजू ही की त्याची वाफ झाकणातून आत शिरते. घरातला वरोआ आणि ट्रोपिलेलॅप्स दोन्ही मारते. आपल्याकडं शिकवतात ती पद्धत साधी आहे. ८५ टक्क्यांचं फॉर्मिक ॲसिड, ५ मिली, काचेच्या छोट्या बाटलीत, तोंडाला कापसाची वात. बाटली तळपाटावर फ्रेमच्या कडेला उभी करायची. रोज संध्याकाळी पुन्हा भरायची, असं १५ दिवस. दार पूर्ण उघडं ठेवायचं, चिंधी-बिंधी कोंबलेली असेल तर काढायची.

धोका तापमानात आहे. दुपारी पारा तिशीच्या वर गेला की वाफ एकदम उठते. राणी मरते, उघड्या अळ्या करपतात, नाहीतर माश्या दाराबाहेर येऊन दाढीसारख्या लटकतात. एप्रिल-मे मध्ये आटपाडी, जत, माण या पट्ट्यात चाळिशी गाठते, तेव्हा फॉर्मिकचं नावही काढू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार, दुपारी बेताचं ऊन असतं, आपल्या भागात फॉर्मिकला हाच काळ. तरी पेट्या बाभळीच्या किंवा लिंबाच्या सावलीत सरकवा, पत्र्याच्या झाकणावर पोतं टाका.

सुपर (पेटीवरचा मधाचा मजला) चढवलेला असेल तर आधी उतरवा. मधाच्या वेळी औषध नाही, हा माझ्याकडं पक्का नियम.

आणि जिवाची काळजी घ्या. ८५ टक्के फॉर्मिक कातडं जाळतं, डोळ्यात गेलं तर डोळा जातो. रबरी हातमोजे, डोळ्याला पूर्ण झाकणारा चष्मा, वाऱ्याकडं पाठ, शेजारी बादलीभर स्वच्छ पाणी. अंगावर पडलं तर आधी भरपूर पाणी, बाकी सगळं नंतर. पाण्याच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवू नका, शेतावर कुणीही तहानेला बाटली उचलतो.

गंधकाचं विचारलंत. फ्रेमच्या वरच्या पट्ट्यांवर बारीक गंधक पूड चिमटीनं भुरभुरतात, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. ट्रोपिलेलॅप्सवर जुन्या काळापासून देतात. थोड्या प्रादुर्भावाला मी देतो. चौदा टक्क्यांच्या पेटीत नुसत्या गंधकावर विसंबणार नाही.

कोयनाकाठ (९ डिसेंबर, सकाळी ६.३५)

काका, फॉर्मिकबद्दल तुमच्याशी सहमत. पण सगळ्याच पेट्यांना ते द्यावं असं मला वाटत नाही. ट्रोपिलेलॅप्सची एक दुखरी नस आहे, तिचा फायदा घ्यायला हवा. अळी नसेल तर तो जगत नाही. पेटीत ब्रूडच नसेल तर थोड्या दिवसांत उपाशी मरतो. म्हणून राणीला पिंजऱ्यात ठेवायचं आणि आतलं सगळं ब्रूड बाहेर पडू द्यायचं. कामकरी २१ दिवसांत बाहेर येते, नर २४. नरांचं ब्रूड कापून टाकलं तर २१ दिवस पुरतात. पेटीत ब्रूड नाही अशी खात्री झाली की वरोआसाठी एकदा ऑक्झॅलिक ॲसिड द्यायचं. समान साखर-पाण्याच्या एक लिटर पाकात ३५ ग्रॅम, दोन फ्रेमच्या मधल्या फटीत ५ मिली, एका पेटीला ५० मिलीच्या वर नाही. ऑक्झॅलिक झाकणातून आत जात नाही, म्हणून ब्रूड असताना ते दिलं तर वाया जातं. त्याची पूड नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

वाळवा_मधुबन (९ डिसेंबर, सकाळी ९.५०)

ताई, शास्त्र मान्य. पण ज्वारीचा पराग आत्ताच आहे. आता राणी कोंडली तर जानेवारीच्या शेवटी करडई आणि सूर्यफुलावर जायला माश्या कुठून आणणार? त्या वेळी कामाला लागते ती माशी आज अंड्यात आहे. जोमदार पेटीची राणी कोंडणं म्हणजे पुढच्या हंगामावर पाणी सोडणं.

कोयनाकाठ (९ डिसेंबर, दुपारी १२.१५)

जोमदार पेटीसाठी तुमचं बरोबर. मी म्हणते ती कमजोर पेट्यांबद्दल. चौदा टक्क्यांच्या पेटीत आज अंडी घातली तरी त्यातून धडधाकट माश्या किती निघणार? आणि अशा पेटीत फॉर्मिकची वाफ सोसायला माश्याच पुऱ्या नसतात, तिथंच राणी जाते. म्हणून माझा सल्ला असा: सहा ते सात फ्रेमवर माश्या असलेल्या पेट्यांना फॉर्मिक. त्याखालच्यांची राणी कोंडा, त्यांचं फार खराब झालेलं ब्रूड काढून टाका, जाळा किंवा खोल पुरा. कोंबड्यांना टाकायचं म्हणून ते पेट्यांशेजारी उघडं ठेवू नका.

आणि करायचं ते जागेवरच्या सगळ्या पेट्यांना एकाच आठवड्यात. चांगल्या पेटीच्या माश्या शेजारच्या मरत्या पेटीचा मध लुटतात आणि तिथून माइटही घेऊन येतात.

वाळवा_मधुबन (९ डिसेंबर, दुपारी १२.४०)

हे पटलं. माणदेशी, ताईंच्या वाटणीप्रमाणे करा.

डाळिंब_तासगाव (९ डिसेंबर, रात्री ८.३०)

मी बागायतदार, पेट्या भाड्यानं घेतो. पुढं आंबे बहाराला पेट्या लागणार. वाचून काळजी वाटली. असे माइट असलेल्या पेट्या बागेत आल्या तर झाडांना काही होतं का? आणि जवळच्या टाकीला आग्याची मोहोळं आहेत, ती जाळून टाकावीत का? गावात तसं म्हणतायत.

कोयनाकाठ (९ डिसेंबर, रात्री ९.२५)

झाडांना काहीच होत नाही, हे माइट फक्त माश्यांवर जगतात.

आग्या मोहोळ जाळू नका, हात जोडून सांगते. आग्या तुमच्या बागेत, कांद्याच्या बीजोत्पादनात, सूर्यफुलात काम करते, तेही भाडं न घेता. जाळून माइट संपणारही नाहीत, आग्या मोहोळं हंगामाप्रमाणे शेकडो किलोमीटर जा-ये करतात, आज एक जाळलं तर उद्या दुसरं बसेल. वर चवताळलेल्या माश्या वाटेनं जाणाऱ्या माणसाला, शाळेच्या पोरांना फोडून काढतात ते वेगळं. पेट्या मोहोळांपासून जमेल तेवढ्या लांब ठेवा आणि पेटीतलं ब्रूड तपासत राहा.

भाड्यानं पेट्या घेताना मात्र एक फ्रेम उघडून दाखवायला सांगा. किती फ्रेमवर माश्या आहेत आणि ब्रूड सलग आहे का, एवढं बागायतदारालाही कळतं. कमजोर पेटी बागेत ठेवली तर भाडं जातं आणि फुलंही तशीच गळतात.

जावळीचा_मावळा (१० डिसेंबर, सकाळी ८.२०)

मी मेढ्याच्या वरच्या अंगाला सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) पेट्या ठेवतो. २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर मधाचं गाव झालं, ते बघून आमच्याकडची पोरंही पेट्या घ्यायला लागली. धागा वाचून काल मी नर माश्यांची घरं उघडली, दोन वरोआ निघाले. फॉर्मिक देऊ का? किती मिली?

कोयनाकाठ (१० डिसेंबर, सकाळी १०.४५)

मावळे दादा, देऊ नका. बरं झालं आधी विचारलंत.

वरोआ मुळात सातेरीचाच. १९०४ मध्ये जावा बेटावर त्याची पहिली शास्त्रीय नोंद झाली तीही सातेरीच्या जातीच्या माशीवर. मेलिफेराला पोखरणारा वरोआ हा त्याचा वेगळा भाऊबंद आहे, हे २००० मध्ये स्पष्ट झालं, पण तोही आशियातल्या याच माशीकडून तिच्याकडं गेला. सातेरी त्याला ओळखून आहे. एकमेकींच्या अंगावरून माइट काढते, कामकरी माशीच्या ब्रूडमध्ये शिरला तर ते घर साफ करून टाकते, म्हणून तिथं त्याची वीण वाढत नाही. उरतं ते नरांचं ब्रूड, आणि ते वर्षाचे थोडेच दिवस असतं. तुम्हाला नरांच्या घरात दोन दिसले हे नेहमीचंच आहे. कामकऱ्यांची घरं उघडून बघा, तिथं बहुतेक काही सापडणार नाही.

सातेरीला फॉर्मिकचा उग्र वास सोसत नाही. वसाहत पेटी सोडून उडून जाईल. तुमच्या डोंगरात एकदा उडालेली सातेरी पुन्हा पेटीत यायची खात्री नाही.

तुम्ही लक्ष ठेवायचं ते थाई सॅकब्रूडवर. तो विषाणू आहे, माइट नाही. १९९१-९२ मध्ये दक्षिणेत आला तेव्हा सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर गेल्या. खूण अशी: अळी झाकणाच्या आधी किंवा झाकणाखाली ताठ, तोंड वर करून मेलेली असते. चिमट्यानं उचलली तर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी लोंबते. नंतर सुकून होडीसारखी वाकते आणि सहज निघते. याला औषध नाही. कुणी प्रतिजैविकाची पूड विकत असेल तर घेऊ नका, विषाणूवर ती चालत नाही आणि मधात मात्र उतरते. वसाहत दाट ठेवा, रिकाम्या जुन्या पोळ्या काढा, राणीची अंडी काही दिवस थांबवा, रोगी पेटीची फ्रेम दुसरीत घालू नका. आणि नवी वसाहत ज्या जागी रोग नाही तिथूनच घ्या.

खात्री करून घ्यायची असेल तर महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. नमुना कसा आणायचा ते आधी विचारून मग न्या.

आणखी एक मनापासून सांगते. कुणी स्वस्तात देतोय म्हणून मेलिफेरा जावळी-महाबळेश्वरच्या रानात चढवू नका. जांभूळ, हिरडा, कारवीवर सातेरी पोटापुरतं मिळवते, तिच्या पेट्या लुटायला मेलिफेरा कशाला आणायची?

जावळीचा_मावळा (१० डिसेंबर, सकाळी ११.१०)

लई उपकार झाले ताई. बाटली आणायला साताऱ्याला निघालो होतो, थांबलो.

मिरज_कॉर्नर (१० डिसेंबर, दुपारी २.००)

एक शंका. स्पिरिट वॉशमध्ये तीनशे माश्या मरतात. दर महिन्याला प्रत्येक पेटीत एवढ्या मारायच्या? साखरेनं करत नाहीत का?

वाळवा_मधुबन (१० डिसेंबर, दुपारी २.३५)

मेलिफेराची राणी हंगामात दिवसाला हजाराच्या वर अंडी घालते. तीनशे माश्यांनी पेटीचं काही बिघडत नाही, फक्त राणी त्यात नाही हे दोनदा बघा. मन होत नसेल तर पिठीसाखर वापरा. बरणीत माश्या, वरून दोन मोठे चमचे साखर, दोन मिनिटं सावलीत ठेवायची, मग जाळीतून ताटात जोरजोरात झटकायची. ताटात पाणी टाकलं की साखर विरघळते, माइट उरतात. माश्या जिवंत परत जातात. माणदेशात हे छान जमतं. पावसाळ्यात किंवा घाटमाथ्याच्या धुक्यात साखरेचे गोळे होतात आणि माइट त्यातच अडकतात, तिथं स्पिरिट बरं. स्पिरिट नसेल तर भांड्याच्या लिक्विडचं पाणीही चालतं. आणि हो, पिठीसाखर ही तपासणी आहे, औषध नाही. पेटीवर भुरभुरून माइट संपत नाहीत.

माणदेशी_पेटी (४ जानेवारी, रात्री ८.४०)

सगळ्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा. काय झालं ते सांगायला आलोय.

जोमदार पेट्यांना काकांच्या पद्धतीनं फॉर्मिक दिलं, संध्याकाळी दिवेलागणीला. पहिल्या रात्री माश्या दारात येऊन पंखांनी वारा घालत होत्या, दुसऱ्या दिवसापासून आत बसल्या. कडेला एक पेटी ऊन खात होती, तिची राणी गेली. शेजारच्या निरोगी पेटीतली अंड्यांची फ्रेम दिली, त्यांनी राणीची घरं ओढलीत.

कमजोर पेट्यांच्या राण्या पिंजऱ्यात आहेत. सगळ्यात वाईट पेटीचं ब्रूड काढून पुरलं.

उपचारानंतर पुन्हा शंभर-शंभर घरं उघडली. फॉर्मिकच्या पेट्यांत, जिथं सहा होते तिथं एक, जिथं दोन होते तिथं शून्य. कागदावर ठोकून बघितलं, पळणारं काही नाही. सकाळी दारापुढं बसलो, सरपटणारी एखादीच दिसते, तीही सगळ्या पेट्यांपुढं नाही. ज्या माश्या आधी कोषात असतानाच खराब झाल्या होत्या त्या अजून बाहेर पडतायत असं धरून चाललोय.

ज्याच्याकडून यातल्या काही वसाहती घेतल्या, त्याच्या उरलेल्या पेट्यांतही हेच निघालं. त्याला धागा दाखवला, तोही आता घरं उघडून बघतोय.

कोयनाकाठ (४ जानेवारी, रात्री ९.३०)

फार छान वाटलं वाचून, दादा. आता एवढ्यावर थांबू नका. पिंजऱ्यातल्या पेट्यांचं ब्रूड संपलं की राणी सोडायच्या आदल्या संध्याकाळी ऑक्झॅलिक. आणि करडईवर जायच्या आधी सगळ्या पेट्यांत पुन्हा एकदा वॉशही करा, घरंही उघडा. दोन्ही. वरोआ आत्ता कमी आहे म्हणून मार्चमध्येही कमीच असेल असं नाही.

कृष्णाकाठचा_गडी (५ जानेवारी, सकाळी ७.१५)

मी आमच्या पेट्यांतल्या जुन्या पट्ट्या काढल्या. आता वॉश करून बघणार हाय. बरणीला कुठली जाळी लावायची? मच्छरदाणीचं कापड चालंल का?

वाळवा_मधुबन (५ जानेवारी, सकाळी ७.५०)

मच्छरदाणीची भोकं बारीक, वरोआ त्यातून खाली पडत नाही, माश्यांबरोबर वरच अडकतो आणि तुम्हाला वाटतं पेटी स्वच्छ आहे. हार्डवेअरच्या दुकानात तीन मिलीमीटर भोकाची जाळी मागा. माशी वर राहते, माइट खाली उतरतो. रुंद तोंडाच्या दोन बरण्या घ्या, झाकणं मधून कापा, मध्ये जाळी ठेवून पाठीला पाठ चिकटवा. एका बरणीत माश्या आणि स्पिरिट, मिनिटभर चांगलं हलवायचं, मग उलटं करायचं. खालच्या बरणीच्या बुडाशी पांढरा कागद धरून मोजा.